कटलेल्या दोऱ्याचा धनी

पतंगाच्या खेळात एक जुना नियम आहे. पतंग कटला की तो उडविणाऱ्याचा राहत नाही. जो धावत जाऊन धरील त्याचा. ह्या नियमापायी आमच्या लहानपणी भांडणे झाली, गुडघे फुटले, सदरे फाटले, पण नियमाला कधी बाध आला नाही. पतंगाची मालकी अशी कायमची ठरून गेलेली आहे. परंतु त्या पतंगामागे जो दोरा लोंबत जातो, कौलांवरून, चिंचेच्या शेंड्यावरून, विजेच्या तारांवरून घसरत शेवटी रस्त्यावर आडवा होतो, तो कोणाचा? त्याला धनी कोण? ह्याबद्दल खेळात नियम नाही, आणि खेळणाऱ्यांपैकी कोणी हा प्रश्न विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

विषय पोरासोरांचा आहे असे वाचकांस वाटेल. मलाही पासष्ट वर्षे तसेच वाटत होते.

आम्ही येवल्याचे. आमचे गाव पैठणीसाठी प्रसिद्ध आहे, आणि पतंगासाठीही. संक्रांतीचे तीन दिवस, म्हणजे भोगी, संक्रांत आणि कर, गावातला माणूस जमिनीवर सापडायचा नाही. सगळे गाव माळवदावर आणि गच्चीवर. खाली हलकडी वाजते, वर ‘वकाट!’ अशी आरोळी उठते. इतर गावी जिला फिरकी किंवा चक्री म्हणतात तिला आमच्याकडे आसारी म्हणतात. चांगली आसारी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवतात. मांजा आम्ही घरीच करीत असू. कंदिलाच्या फुटक्या काचा खलबत्त्यात कुटायच्या, पूड वस्त्रगाळ करायची, सरस वितळवायचा, त्यात रंग, आणि दोन खांबांना ताणलेल्या सुती दोऱ्यावरून तो लगदा चिंधीने फिरवीत न्यायचा. बोटे चिरायची. आई ओरडायची. चिरलेल्या बोटांनीच तिळगूळ खायचा. त्या चिरांचेही आम्हाला भूषण होते. हे सगळे सांगतो ते एवढ्यासाठी, की मी पतंगाचा वैरी नव्हे. वाऱ्यावर चढलेल्या पतंगाची ओढ ज्याने एकदा तर्जनीवर अनुभवली त्याला तो खेळ पोरकट म्हणणे कठीणच आहे.

आता जे घडले ते सांगतो.

२०२२ सालची संक्रांत. नातू नऊ वर्षांचा होता. भोगीच्या दिवशी त्याचे चार पतंग एकापाठोपाठ कटले आणि तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “आबा, सगळ्यांकडे न तुटणारा मांजा आहे. माझाच कटतो.” मी त्याला घेऊन बाजारात गेलो. दुकानदाराने माझ्या गळ्यातली माळ पाहिली, इकडेतिकडे पाहिले, आणि फळीखालून एक रीळ काढून पुढे केले. “माउली, हा न्या. हत्ती बांधला तरी तुटायचा नाही.” हिरवा, चकचकीत, बोटाला गुळगुळीत लागणारा दोरा. नायलॉनच्या मांज्याला बंदी आहे हे माझ्या कानांवर नव्हते असे नाही. पण बंदी मोठ्यांसाठी, व्यापाऱ्यांसाठी. एका पोराच्या एका रिळाने काय व्हायचे आहे, असा विचार मनात आला आणि गेला. मी पैसे दिले.

संक्रांतीच्या दिवशी संध्याकाळी नातवाचा पतंग फार उंच गेला. तो ढील देत राहिला. आसारीवरचा शेवटचा वेढा सुटला आणि दोरा सरसर निघूनच गेला, कारण दोऱ्याचे टोक आसारीला बांधायला आम्ही विसरलो होतो. सगळाच्या सगळा दोरा पतंगामागे मोठ्या रस्त्याच्या दिशेने गेला. पोरगा रडू लागला. मी म्हणालो, “जाऊ दे रे, उद्या दुसरा आणू.” एवढेच म्हणालो. वाचकहो, त्या क्षणी माझ्या मनात त्या दोऱ्याचा विचार आला नाही. दोरा गेला, म्हणजे आमच्यापुरता संपला.

दुसऱ्या दिवशी करीच्या सकाळी आमचा दूधवाला आला नाही. त्याची आरोळी गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायची, तीही आली नाही. दहाच्या सुमारास कळले. पहाटे कॅन लावून मोटारसायकलवरून येत असता मोठ्या रस्त्यावर त्याच्या गळ्याला मांजा लागला. थंडीसाठी गुंडाळलेला मफलर होता आणि कॅन भरलेले असल्याने गाडी हळू होती, म्हणून वाचला. मफलर कापून दोरा आत गेला होता. टाके पडले. जीव राहिला, पण आवाज पूर्वीसारखा परत आला नाही. हल्ली तो आरोळी देत नाही. गाडीच्या दांडीला त्याने लहानशी घंटा बांधली आहे.

गळ्यातून निघालेला दोरा हिरवा होता असे लोक सांगत होते. आमचाही हिरवाच. पण त्या दिवशी गावात हिरवा दोरा किती आसाऱ्यांवर होता त्याची गणती नाही. तो दोरा आमचा होता की दुसऱ्या कोणाचा, हे मला आजवर कळलेले नाही आणि पुढेही कळणार नाही.

ह्या न कळण्याने मला पुष्कळ दिवस छळले. प्रथम मी त्यातच आसरा शोधला. ‘आपलाच कशावरून?’ हे वाक्य मनाशी किती वेळा म्हटले असेल! न्यायाच्या दरबारी हे वाक्य चालते, चाललेच पाहिजे. पुराव्यावाचून कोणाला दंड होऊ नये. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते पुरेना. मग एक दिवस विचार आला तो असा. समजा त्या संध्याकाळी शंभर घरांतून असे दोरे सुटले. त्यांतला एक दूधवाल्याच्या गळ्याला लागला. ज्याचा लागला त्याने काय केले? बंदी असलेला दोरा विकत घेतला, रस्त्याजवळ उडविला, सुटल्यावर त्याची चौकशी केली नाही. आणि बाकीच्या नव्याण्णवांनी? नेमके तेच केले. एका शब्दाचाही फरक नाही. फरक वाऱ्याने केला. तेव्हा ‘तो दोरा माझा होता का?’ हा प्रश्न वाऱ्याविषयीचा आहे, माझ्या वागणुकीविषयीचा नव्हे. माझी वागणूक काय होती ते मला पुरते ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, मग दोष शंभरांत वाटला गेला. एकेकाच्या वाट्याला शंभरावा हिस्सा. हा हिशेब मला पटत नाही. शंभर जणांनी मिळून एक दगड ढकलला असता तर हिस्से पाडता आले असते. इथे प्रत्येकाने आपला स्वतंत्र दगड ढकलला आहे. भाऊबंदांत शेत वाटले की प्रत्येकाला कमी येते. दोष काही शेत नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि आपल्या मंडळींकडून तो हमखास येतो. हेतू नव्हता, मग पाप कसे? कोणाचा गळा चिरावा असे त्या पोराच्या मनात नव्हते, तुमच्याही नव्हते. मन शुद्ध असता कृतीचा लेप लागत नाही, असे आपण कीर्तनांतून ऐकत आलो. खरे आहे. पण ते ज्याच्याविषयी सांगितले आहे त्याचे मन जागे असते. माझे मन शुद्ध नव्हते, झोपलेले होते, आणि झोप म्हणजे शुद्धता नव्हे. शेताच्या बांधाला रानडुकरांसाठी विजेची उघडी तार लावून ठेवणारा शेतकरी शेजारणीचा जीव घ्यायला निघालेला नसतो. गावविहिरीचा कठडा पडू देणाऱ्याचा कोणाशी दावा नसतो. तरी त्या तारेला शेजारीण चिकटली, त्या विहिरीत पोर पडले, तर आपण त्यांना निर्दोष म्हणत नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ह्याला प्रमाद असे नाव ठेवले आहे. आजचा कायदाही हेतू नाही एवढ्यावर माणसाला सोडीत नाही. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू ओढवला तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत तसे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे.

पतंजलींनी योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार मांडले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली, आणि नुसती संमती दिलेली. कृत, कारित, अनुमोदित. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो, आणि ती सौम्य, मध्यम किंवा तीव्र असते, असेही त्यांनी म्हटले आहे. मी हे पूर्वी अनेकदा वाचले होते, पण कोणाच्या तरी दुसऱ्याच्या संदर्भात. त्या संक्रांतीला ते आमच्या गच्चीवर आणून पाहिले. दोरा ज्याच्या हातात होता ते पोर म्हणजे कृत. त्याला तर अजून समजही नाही. दोरा विकणारा आणि विकत घेऊन देणारा, म्हणजे तो दुकानदार आणि हा म्हातारा, दोघे कारित. आणि शेजारच्या गच्चीवरून ‘काप, काप!’ म्हणून टाळ्या पिटणारे अनुमोदित. नऊ वर्षांच्या मुलाला आपण पहिल्या जागी उभे करतो आणि आपण मागच्या दोन जागा घेऊन निर्धास्त बसतो. मूळ लोभ तोही आपणच त्याच्या हातात ठेवलेला असतो.

लोभ कसला, ते जरा उकलून पाहू. काटाकाटीच्या खेळात मौज येते ती दोन्ही दोरे तुटण्याजोगे असतात म्हणून. पेच लागला की कोणाचा जाईल हे ठाऊक नसते. नायलॉनचा दोरा घेणाऱ्याला ही अनिश्चितता नको असते. दुसऱ्याचे तुटावे, आपले तुटू नये, ह्यासाठी तो पैसे मोजतो. मी तेवढ्यासाठीच मोजले. ‘तुटायचा नाही’ हे दुकानदाराचे शब्द ऐकून मला आनंद झाला होता. त्याने दिलेले वचन त्या दोऱ्याने पाळले, इतकेच. माझ्या नातवाच्या हातात असताना तो तुटला नाही, आणि दूधवाल्याच्या गळ्याशीही तुटला नाही.

सुती दोरा आणि हा दोरा यांतला फरक समजून घेण्याजोगा आहे. सुताला काचेची पूड लावली की तेही कापते, ह्यात शंका नको; सुती मांज्यानेही गळे आणि पंख चिरलेले आहेत. परंतु सूत जोर पडला तर तुटते, पावसात भिजले तर कुजते, झाडावर राहिले तर काही महिन्यांत निकामी होते. नायलॉनचा दोरा एकसंध तंतूचा असतो. तो ताणला तर लांबतो, तुटत नाही, कुजतही नाही. ह्या संक्रांतीला झाडावर अडकलेला दोरा पुढच्या संक्रांतीला कापायला तयार असतो. त्यावर धातूची भुकटी चढवलेली असेल तर तो वीजही वाहून नेतो. रेल्वेमार्गावरच्या तारांत पंचवीस हजार व्होल्टचा प्रवाह असतो. अशा तारेत अडकलेला पतंग ओढू पाहणाऱ्या पोराचे काय होईल ते सांगायला नको.

दोरा इतका बारीक, मग मोठ्या माणसाचा गळा कसा चिरतो असे बायाबापड्या विचारतात. जोर दोऱ्याचा नसतो, गाडीचा असतो. ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. पाच मीटरांवर दोरा दिसला तरी अर्धा सेकंददेखील हाती नाही, आणि संधिप्रकाशात तो दिसतच नाही. गाडीचा आणि माणसाचा सगळा वेग त्या केसाएवढ्या रुंदीवर येतो. त्यात दोरा नुसता दाबत नाही, सुरीसारखा सरकत जातो. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि पुढची श्वासनलिका कातडीपासून फार खोल नाहीत. स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या लेकराला तर तो बापाच्या आधी लागतो.

बंदीची हकीकत थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर सबंध देशात बंदी घातली. पुढे नागपूरला बळी गेले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. दरवर्षी धाडी पडतात, रिळे जप्त होतात, आणि दरवर्षी फळीखालून रीळ निघते. लोक त्याला ‘चिनी मांजा’ म्हणतात. हे नाव आपल्याला फार सोयीचे पडले आहे, कारण त्यामुळे दोष हिमालयापलीकडे जातो. वास्तविक हा दोरा आपल्याच देशात निघतो, आपलीच माणसे तो विकतात आणि माझ्यासारखी माळकरी माणसे तो घेतात. गिऱ्हाईक आहे तोवर फळी रिकामी राहणार नाही.

मग खेळच बंद करावा काय? लाहोरात वसंतपंचमीचा पतंगोत्सव मोठा असे. दोऱ्याने माणसे मेली म्हणून ह्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या सरकारने पतंगबाजीवरच बंदी आणली. लहान मुलाने हात भाजून घेतला म्हणून चूल विझवावी तसे ते मला वाटते. पण ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांच्यासमोर हे वाक्य मी उच्चारू शकणार नाही, हेही कबूल करतो. गावाने शहाणपण दाखविले नाही तर एक दिवस तसेच होईल, आणि तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

माणसाचे एवढे, तर पाखरांचे काय सांगावे? त्यांना मफलर नाही. ती पहाटे घरट्यातून निघतात आणि सांजेला परततात, आणि आपले पतंगही नेमके त्याच वेळी वाऱ्यावर जास्त असतात. गुजरातमध्ये संक्रांतीच्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी सरकार २०१७ पासून करुणा अभियान चालविते. त्यासाठी डॉक्टर आणि स्वयंसेवक गावोगाव बसतात.

दिल्लीच्या वझीराबाद भागात मोहम्मद सऊद आणि नदीम शहजाद हे दोघे भाऊ राहतात. मांज्याने पंख कापलेल्या घारी उचलून आणायच्या, टाके घालायचे, महिनोन्‌महिने सांभाळायचे आणि पुन्हा आकाशात सोडायचे, हे काम त्यांनी आपल्या घराच्या तळघरात आणि गच्चीवर वर्षानुवर्षे केले. शौनक सेन यांनी त्यांच्यावर २०२२ मध्ये ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा चित्रपट काढला, तो जगभर नावाजला गेला. ह्या भावांची सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखे आहे. लहानपणी त्यांना एक जखमी घार सापडली. ती घेऊन ते पाखरांच्या एका धर्मार्थ दवाखान्यात गेले, तर घार मांस खाते म्हणून तिथे तिला घेतले नाही. ह्या एका गोष्टीपाशी मी बराच थांबलो. आपणही शाकाहारी माणसे. दारात घार पडली असती तर मी तिच्यासाठी काय केले असते? कबुतरासाठी धावलो असतो. घारीसाठी, खरे सांगायचे तर, ठाऊक नाही. दोऱ्याने मात्र तिला शाकाहारी-मांसाहारी विचारले नव्हते.

असो. हळहळ करून एकही दोरा गोळा होत नाही, म्हणून आता करण्यासारखे काय ते लिहितो.

सर्वांत मोठी गोष्ट घरात, पोराच्या हातात रीळ जाण्यापूर्वी होते. साधा, काच न लावलेला सुती दोरा द्या. पेच लागणार नाही म्हणून पोर कुरकुरेल, कुरकुरू द्या. पतंग मोकळ्या माळावर न्या, रस्त्याकडेच्या गच्चीवर नको. कठडा नसलेल्या गच्चीवर तर मुळीच नको. वर पाहत मागे सरणारी पोरे दरवर्षी पडतात. सकाळी ऊन चांगले वर आल्याशिवाय पतंग चढवू नये आणि पाखरे परतू लागली की उतरवावा. दोऱ्याचे टोक आसारीला बांधा. ही एक गाठ आम्ही मारली असती तर हा लेख कदाचित लिहावाच लागला नसता. पतंग कटलाच तर उरलेला दोरा ताबडतोब गुंडाळून घ्या, आणि रस्त्यावर पडला असेल तर खाली उतरून जा.

विजेच्या तारेतला पतंग सोडून द्यावा. काठी, बांबू, ओला दोरा, काहीही लावू नये. वीज कंपनीला कळवावे.

दुचाकीवरून जाणाऱ्यांनी ह्या दिवसांत वेग कमी ठेवावा, हेल्मेटची काच खाली घ्यावी, लेकराला पुढे उभे करू नये. गळ्याला जाड मफलर किंवा उपरणे दोन-तीन वेढे घालून गुंडाळावे. टोके मात्र सदऱ्यात खोचावीत, नाहीतर चाकात जाऊन तेच फास होते. गुजरातेत गाडीच्या दांड्यापुढे उंच सळई बसवितात, तिला दोरा अडतो. ब्राझील देशात हाच उपद्रव आहे. तिथे २००९ च्या कायद्याने सामान पोचविणाऱ्या मोटारसायकलींना दोरा अडविणारी दांडी सक्तीची केली आहे. आपल्याकडे ती थोड्या पैशांत कोणताही फिटर बसवून देईल.

आपल्या वारकरी मंडळींना एक विशेष सूचना. पतंग म्हणजे संक्रांत असे आपण धरून चालतो. पण फलटण-बारामतीकडे पतंगाचा हंगाम आषाढापासून नागपंचमीपर्यंत असतो, आणि नेमक्या त्याच वाटांनी माउलींची आणि तुकोबारायांची पालखी जाते. पायी चालणाऱ्याला भीती कमी. परंतु दिंडीच्या पुढेमागे स्वयंपाकाचे, पाण्याचे, निरोपाचे काम करणारी तरुण मंडळी मोटारसायकलींवर धावत असतात. त्यांच्या गळ्यातले उपरणे खांद्यावर झुलत न ठेवता वर सांगितल्याप्रमाणे बांधलेले असावे.

गळा चिरलेला मनुष्य समोर आला तर रुतलेला दोरा उपटू नये. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने दाबून धरावी. ती भिजली तर न काढता वर दुसरी ठेवावी. गळ्याभोवती पट्टी आवळून बांधू नये, श्वासनलिकेवर दाब देऊ नये. हळद, चुना, तंबाखू, राख ह्यांतले काही जखमेत भरू नये, तोंडात पाणी घालू नये. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत हात उचलू नये. पाखरू अडकलेले दिसले तर दोरा ओढू नये. वरून फडके टाकून धरावे, शरीराच्या दोन्ही बाजूंनी दोरा कात्रीने कापावा, आत रुतलेला तसाच राहू द्यावा, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. महाराष्ट्रात वनखात्याचा क्रमांक १९२६ आहे.

दूधवाल्याला मी सांगितले की नाही, असे वाचक विचारतील. दोन महिने सांगितले नाही. रोज तो दूध घाली, मी भांडे पुढे करी आणि त्याच्या गळ्यावरच्या व्रणाकडे न पाहण्याची खटपट करी. शेवटी पाडव्याच्या सकाळी सांगितले. रीळ कुठून घेतले, किती उंच गेले, गाठ कशी मारली नाही, सगळे. त्याने माप कॅनच्या कडीला अडकविले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “अण्णा, तुमचाच असेल असं नाही.”

मी म्हणालो, “नसेलही. पण असता तरी मी एवढंच केलं असतं ना?”

त्यावर तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “माझा पोरगाही तसलाच दोरा उडवत होता. मी पण काही बोललो नव्हतो त्याला.”

तेव्हापासून आमच्या घरी एक नवा रिवाज पडला आहे. कर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी नातू आणि मी एक पोते, एक कात्री आणि आकडा लावलेली काठी घेऊन निघतो. मोठ्या रस्त्यापासून सुरुवात करतो, मग शाळेमागची बाभळ, मग ओढ्याकाठ. तारांना हात लावीत नाही. हाताशी येईल तो दोरा ओढून गोळा करतो आणि तिथेच बोटभर लांबीचे तुकडे करतो, कारण अख्खा टाकला तर उकिरड्यावर गाईच्या पायात जातो. जाळीत नाही, त्याचा धूर वाईट. पहिल्या वर्षी लोक हसले. आता आठ-दहा पोरे बरोबर असतात. सुताचा दोरा थोडा निघतो, हिरवा अजून पुष्कळ निघतो.

यंदा आम्ही बाभळीपाशी असता मागून घंटा वाजली. दूधवाला गाडी उभी करून खाली उतरला. मागच्या चाकाच्या आसाला वीतभर हिरवा दोरा गुंडाळला गेला होता. त्याने तो नखाने सोडविला, आणून आमच्या पोत्यात टाकला आणि घंटा वाजवीत पुढच्या गल्लीकडे गेला.